न पाहिलेला अर्धा फोटो

(टेबल. खिडकीतला उजेड. कॅमेऱ्यावर लेन्स चढवणारे हात, अगदी जवळून.)

बरणीचं झाकण लावताना आजी आधी ते उलटं फिरवायची. आटे जागेवर आले की हाताला कळतं, मग सुलटं. ही लेन्सही तशीच लावायची. 39 मिलिमीटरचे बारीक आटे आहेत; घाई केली की तिरके चढतात.

लेन्स जरा उलटी धरतो. मागे बघा. काचेचा हा भलामोठा फुगवटा. कॅमेऱ्यावर बसली की हा भाग थेट पोटात शिरतो आणि शटरच्या कापडी पडद्यापासून थोडंसंच अंतर राखून थांबतो. त्यामुळे मागचं खोल टोपण लावल्याशिवाय ही लेन्स टेबलावर उभी ठेवायची नाही.

कॅमेरा झॉर्की-4. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला. 1956 ते 1973 या काळात हे मॉडेल तिथे बनत होतं. लेन्स ज्युपिटर-12, 35 मिलिमीटर, एफ 2.8. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र : आकडा लहान, छिद्र मोठं. नंबराची सुरुवात 82 ने आहे, म्हणजे 1982 सालची. कॅमेऱ्याहून धाकटी.

तिचं घराणं मात्र जर्मन. 1930 च्या दशकात लुडविग बेर्टेले यांनी झाइस या जर्मन कंपनीसाठी, तिच्या काँटॅक्स कॅमेऱ्यावर बसेल अशी एक वाइड, म्हणजे रुंद दृश्य पकडणारी लेन्स आखली. तिचं नाव बायोगॉन. महायुद्ध संपलं आणि झाइसचे आराखडे, यंत्रसामग्री रशियात गेली. तिकडच्या सुरुवातीच्या लेन्सांवर 'बी-के' अशी अक्षरं असायची : बायोगॉन, क्रास्नोगोर्स्क. पुढे जर्मन नाव गळलं आणि गुरू ग्रहाचं नाव आलं. काचांची मांडणी तीच राहिली, चार गटांत सहा काचा.

(कागदावर पेन्सिलीने काढलेली आकृती.)

आता त्या फुगवट्याचं कारण. एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. त्याला वरखाली हलायला जागा लागते, म्हणून लेन्सला लांब उभं राहावं लागतं, आणि वाइड लेन्स बनवायची तर काचांची वेगळी कसरत करावी लागते. झॉर्कीसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसाच नाही. लेन्स फिल्मच्या शेजारी जाऊन बसू शकते. बेर्टेलेंनी ती मोकळी जागा पुरेपूर वापरली. सरळ रेषा सरळ येतात त्या यामुळे. कोपरे थोडे काळवंडतात, तेही यामुळेच. मला ते आवडतात.

एक घोटाळा आहे. आरसा नाही, त्यामुळे लेन्स काय बघते ते आपल्याला दिसत नाही. आपण बघतो शेजारच्या छोट्या खिडकीतून. तिच्या मधोमध एक फिकट ठिपका असतो, त्यात माणूस दुहेरी दिसतो. लेन्सची कडी फिरवून दोन माणसांचा एक केला की फोकस झाला.

पण झॉर्कीची ही खिडकी 50 मिलिमीटरच्या लेन्ससाठी बनवलेली आहे. लावलीय 35 ची. आकडा लहान, तितकं दृश्य रुंद. हिशेब केला तर खिडकीत दिसतं त्याच्या साधारण दुप्पट क्षेत्रफळ फिल्मवर उतरतं. यावर उपाय आहे. वरच्या खाचेत बसवायचा वेगळा फाइंडर मिळतो. रशियन फाइंडरला तर पाच लेन्सांचं फिरतं चक्रच असतं. आम्ही तो मुद्दाम घेतला नाही. अर्धा फोटो न बघता काढायचा, असं ठरवूनच निघालो.

(पहाट. मंडईचा कळस. हातगाड्या.)

पुणे, महात्मा फुले मंडई. इमारत 1886 ची. तेव्हाचं नाव रे मार्केट. मधला भाग अष्टकोनी, त्यावर उंच मनोरा. कॅमेरा सरळ धरला तर खांब ताठ उभे राहतात. मनोरा मावावा म्हणून जरा वर केला की सगळी मंडई मागे रेलते. पहिले चार फोटो त्यातच गेले.

बाहेर उजेड होता. कृष्णधवल रोल 400 चा (हा आकडा फिल्मला उजेड किती चटकन कळतो त्याचा), एफ 11, अंतर 4 मीटरवर. एवढं केलं की साधारण 2 मीटरपासून पुढचं सगळं रेखीव येतं. ठिपक्यात बघायचीही गरज नाही. फिल्म पुढे सरकवायची गुंडी फिरवा, बटण दाबा, पुन्हा फिरवा. शटरचा वेग बदलायचा तर तो गुंडी फिरवल्यानंतरच, आधी नाही. आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते. रशियन कॅमेरा वापरणारा प्रत्येक जण पुढच्याला पहिली हीच ताकीद देतो.

आत शिरलो आणि उजेड संपला. एफ 2.8, वेग 1/30 सेकंद. दीड मीटरवरच्या माणसाला फोकस केलं तर आता रेखीव पट्टा जेमतेम फूटभर. ठिपक्यात मावशी दोन दिसतात. एक मेथी निवडतेय, दुसरी माझ्याकडे बघतेय.

"फोटू काढून काय करनार? पेपरात देनार व्हय?"

नाही मावशी, असंच.

"असंच? मग भाजी तरी घे."

मेथी घेतली. दोन जुड्या.

(पडदा काळा. फक्त आवाज.)

हे दाखवता येत नाही. चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत हात घालून फिल्म रिळावर चढवतोय. हा कुरकुर आवाज तिचाच.

(न्हाणीघर. बादलीत बर्फ.)

एप्रिलमध्ये पुण्यात नळाचं पाणी कोमट येतं, आणि आपल्याला हवंय 20 अंश. म्हणून बर्फ. आयडी-11 डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, तेवढंच पाणी, 13 मिनिटं. दर मिनिटाला फिल्मचा डबा चार वेळा उलटा-सुलटा. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप, चित्र पक्कं करणारा फिक्सर आणि भरपूर धुणं. पूर्वी हे काम कोपऱ्यावरची लॅब करायची. रोल महागलेत, छत्तीसपैकी पंचवीस फोटो वाया गेले. असो.

(ओली निगेटिव्ह दोरीवर. चिमट्यांनी अडकवलेली.)

हा तेविसावा. खिडकीत मला फक्त मावशी आणि मेथीचा ढीग दिसला होता. फिल्मवर डाव्या कडेला एक हमाल आहे. डोक्यावर पाटी, एक पाय उचललेला, नजर सरळ लेन्समध्ये. त्याच्या मागे चहाचे ग्लास घेऊन वळलेला पोरगा. वर खांबाची कमान आणि तिच्यातून येणारी उन्हाची तिरीप. यातलं काहीही मी 'टिपलेलं' नाही. खिडकीच्या बाहेर ते आपलं आपलं चाललं होतं.

(पुन्हा मंडई. दुपार. मावशींच्या हातात प्रिंट.)

मावशींनी प्रिंट उजेडात धरली. स्वतःचा चेहरा क्षणभर पाहिला. मग बोट उजव्या कडेवर गेलं.

"आरं, माझा तराजू निम्माच आलाय की!"