मिलचा खोकला

(दृश्य: लालबागची जुनी चाळ, पहाटेचे साडेपाच. गॅलरीत एकच दिवा. आतून खोकल्याचा आवाज.)

चाळीत कोण उठलंय हे खोकल्यावरून कळतं. आमच्या मजल्यावर पहिला नंबर मामांचा, मग दूधवाला, मग नळ. मामा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी कायमची सुटली, खोकला तेवढा उरला. “मिलचा खोकला आहे, जायचा नाही,” असं म्हणून ते विषय संपवायचे. कापसाच्या धुळीने छाती धरते हे गिरणगावात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे वाद कुणी घातला नाही. खिशातल्या बिडीच्या बंडलाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

(दृश्य: तळहातावर एक बिडी, अगदी जवळून.)

तेंदूचं पान, दोरा आणि चिमूटभर तंबाखू. दिसायला किरकोळ. पण बिडी सिगारेटसारखी आपोआप जळत राहत नाही. विझू नये म्हणून झुरक्यावर झुरका घ्यावा लागतो, आणि धूर खोलवर जातो. तंबाखूच्या धुरात ७००० हून अधिक रसायनं असतात. त्यातली ७० च्या आसपास कॅन्सर करणारी. ती पेशीच्या गुणसूत्रांवर घाव घालत राहतात. शरीर बरेच घाव बुजवतं, काही राहून जातात. असं वीस-तीस वर्षं साचल्यावर एखादी पेशी बेताल वाढायला लागते. हाच फुप्फुसाचा कॅन्सर.

तो कशाने होतो हे शोधायला १९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी इस्पितळांतल्या रुग्णांना त्यांच्या सवयी विचारल्या. डॉलना आधी संशय होता रस्त्यावरच्या डांबराचा. उत्तरं यायला लागली आणि त्यांनी स्वतःचीच सिगारेट सोडली.

(दृश्य: खिडकीच्या उजेडात धरलेला छातीचा एक्स-रे.)

फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. गाठ बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली की मग दुखतं. म्हणून हा आजार उशिरा सापडतो. त्याआधी काही खुणा दिसतात: तीन आठवडे न हटणारा किंवा सूर बदललेला खोकला, थुंकीत रक्ताची रेघ, उतरणारं वजन. कधी नुसता आवाज बसतो. डाव्या स्वरतंतूची नस आधी छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून परत गळ्यात चढते. त्या वळणावर गाठ दाबली की घोगरेपणा येतो, आणि आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसतो.

मामांच्या एक्स-रेवर डाग दिसला. मुंबईत डाग म्हणजे टीबी. तसं वाटणं चूकही नाही, टीबी इथे घरोघरी आहे. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी डॉक्टर म्हणाले, “गोळ्या घेऊन बघू.” बघण्यात चार महिने गेले. मग सीटी स्कॅन, मग बायोप्सी. राग त्या डॉक्टरांचा नाही इतका त्या चार महिन्यांचा येतो. तपासणीत टीबी सापडत नसेल आणि औषधाने उतारही पडत नसेल, तर पुढची तपासणी आपणच मागायची.

(दृश्य: परळ, टाटा हॉस्पिटलचा रस्ता. फुटपाथवर पिशव्या, फाइली, गावाहून आलेली कुटुंबं.)

१९४१ पासून हे हॉस्पिटल इथे उभं आहे. या गर्दीत हमखास ऐकू येणारं वाक्य: “आमच्यात कुणी ओढत नाही हो.” ते खरंही असतं. आयुष्यात सिगारेटला हात न लावलेल्यांनाही हा कॅन्सर होतो. त्यांच्यात ‘ईजीएफआर’ नावाच्या जनुकातला बदल जास्त आढळतो, आणि तो सापडला तर त्यावर चालणाऱ्या गोळ्या आहेत. म्हणून बायोप्सीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी महत्त्वाची.

दुसऱ्याचा धूरही लागतो. १९८१ मध्ये जपानमधले संशोधक हिरायामा यांनी दाखवलं, की सिगारेट ओढणाऱ्यांच्या न ओढणाऱ्या बायकांमध्ये हा कॅन्सर जास्त आहे. दहा बाय बाराच्या खोलीत वेगळं काय होणार? शिवाय बाहेरची हवा. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि प्रदूषित हवा २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कॅन्सरकारकांच्या यादीत घातली. यावरून “हवाच खराब, मग बिडीने काय बिघडतं” म्हणणारे आमच्या नाक्यावर रोज भेटतात. त्यांना एवढंच, की या दोन गोष्टींची बेरीज होते, वजाबाकी नाही.

बरीच वर्षं भरपूर ओढलेल्यांसाठी कमी किरणांचा सीटी स्कॅन असतो. अमेरिकेतल्या २०११ च्या मोठ्या चाचणीत, एक्स-रे काढणाऱ्यांच्या तुलनेत, या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. सरसकट सगळ्यांनी तो काढायचा नाही; जुन्या टीबीचे व्रणही त्यात गाठीसारखे दिसतात आणि नाहक घाबरगुंडी उडते.

आणि सोडणं. सोडून दहा वर्षं झाली की, ओढत राहणाऱ्याच्या मानाने धोका जवळपास निम्मा होतो. एकट्याने जमत नसेल तर सरकारी मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

(दृश्य: चाळीचा जिना, वरून.)

हे चित्रीकरण चालू असताना आमचा कॅमेरामन दोनदा “आलोच” म्हणून खाली जाऊन आला. नंबर वाचून दाखवला तेव्हा त्याने तो मोबाइलमध्ये टिपून घेतला. फोन केलास का, हे मी अजून विचारलेलं नाही.