दम्याचे मूळ केवळ घराण्यात नाही

सभ्य श्रोतेहो,

दम्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली चौकशी घराण्याची होते: आजोबांना होता का, मामांना आहे का? ही चौकशी गैर नाही, कारण आई-वडिलांपैकी कोणाला दमा असला तर मुलाला तो होण्याची शक्यता वाढते. परंतु ही झाली केवळ प्रवृत्ती. ती आजारात उतरते का आणि उतरल्यावर आजार आटोक्यात राहतो की जिवावर बेततो, हे माणूस कोणत्या घरात राहतो, कोणत्या कामावर जातो आणि त्याच्या गाठीला किती पैसा आहे, यावर फार अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. त्यातील बहुतेक मृत्यू गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. वेचणी संपली की कपाशीच्या काड्या उपटून घराशी रचल्या जातात आणि पुढे त्याच चुलीत जळतात. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, सिलिंडर खेड्यापाड्यांत पोहोचले; तरीही पुन्हा भरून आणण्याचे पैसे हाती नसले की गॅस चहापुरता उरतो आणि भाकरी चुलीवरच भाजली जाते. खिडकी नसलेल्या खोलीत हा धूर सर्वांत जास्त घेते ती स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल. ती गरोदर असेल, तर तो धूर आणि घरातल्या विडीचा धूर पोटातल्या बाळालाही सोसावा लागतो. अशी बाळे कमी वजनाची जन्मू शकतात आणि त्यांना पुढे छातीत घरघर होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून धूर हा प्रश्न मला आधी आरोग्याचा आणि मगच इंधनाचा वाटतो.

दुसरी जागा जिनिंगच्या कारखान्याची. सरकी आणि रुई वेगळी होताना पानांचा चुरा, माती आणि जिवाणूंची विषद्रव्ये हवेत मिसळतात. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्ये सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरता सरता ते कमी होते, ही गिरण्यांच्या काळापासूनची वैद्यकातील नोंद आहे. दमा असलेल्याला ही धूळ दुहेरी बाधते. डॉक्टर त्याला ‘धूळ टाळा’ असे सांगतात. पण हंगामी रोजंदारीवरच्या माणसाने धूळ टाळायची म्हणजे रोजगार टाळायचा, हे सल्ला देणाऱ्याने लक्षात घेतले पाहिजे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि चांगले मास्क पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

घराबाहेरही कारणे आहेत: महामार्गावरचा डिझेलचा धूर, पडीक जमिनीवरच्या गाजरगवताचे परागकण, मळणीचा भुसा आणि पावसाळ्यात ओलसर भिंतींवर येणारी बुरशी.

मात्र सर्वांत मोठे दुःख उपचाराचे आहे. ‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ हा समज इतका पक्का आहे की लग्नाच्या मुलीचा पंप लपवला जातो आणि दुकानदाराकडून गोळ्या घेऊन वेळ निभावली जाते. खरे तर पंपातील औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीच्या मानाने अगदी थोडी, आणि त्याचे व्यसन लागत नाही. पंप दोन कामांचे असतात: एक तात्पुरता आराम देणारा, दुसरा श्वासनलिकेची सूज रोज कमी ठेवणारा स्टेरॉइडचा. केवळ पहिल्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही केवळ आराम देणाऱ्या पंपावर उपचार भागवू नयेत, असे सांगितले आहे. पण धाप थांबली की सूज नियंत्रणात ठेवणारे औषध खर्चाचे वाटते आणि ते सोडले जाते. पुढचा जोराचा झटका येतो तो अशाच वेळी.

म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे दोन्ही पंप आणि लहान मुलांसाठी स्पेसर (औषध नीट आत जावे म्हणून पंपाला जोडायची नळी) बारमाही मिळाले पाहिजेत. रुग्णाच्या केसपेपरवर आई-वडिलांच्या आजाराबरोबर आणखी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: घरी चूल पेटते का, घरात विडी ओढतात का आणि रुग्ण कोणत्या कामावर जातो. आशाताई घरोघर जातातच. त्या भेटीत, घरी कोणाला दम लागत असेल तर तो पंप नीट ओढतो का, हे समोर करून पाहिले, तर औषधाचे पैसे वाया जाणार नाहीत.