मारियानो रिवेरा विरुद्ध लीगची सरासरी

हा आकडा बघा, २.२१. बेसबॉलमधला पिचर (म्हणजे तिथला बॉलर) मारियानो रिवेरा, त्याचा हा करिअरचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्समागे (एक पूर्ण मॅच) त्याच्या खात्यावर किती रन्स लागले ते, जितका कमी तितका चांगला. टीम एकच, न्यूयॉर्क यांकीज, १९९५ ते २०१३. आता शेजारी बिली वॅग्नर ठेवू, त्याचा २.३१, आणि ट्रेव्हर हॉफमनचा २.८७. तिघंही क्लोजर, शेवटच्या इनिंगला येऊन मॅच बंद करणारे, आपल्याकडे डेथ ओव्हर्स टाकणारा बॉलर असतो ना तसे. नुसतं बघितलं तर वॅग्नर आणि रिवेरा जवळजवळ सारखेच वाटतात.

पण अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉलमधे दोन लीग आहेत, आणि हॉफमन आणि वॅग्नर जास्त करून नॅशनल लीगमधे खेळले, तिथे तेव्हा पिचरलाही बॅटिंगला यावं लागायचं, म्हणजे बॅटिंग ऑर्डरमधे एक कच्ची जागा. रिवेराच्या अमेरिकन लीगमधे त्या जागी खास बॅटिंगसाठी ठेवलेला माणूस यायचा. त्यात रिवेराचा काळ धो धो रन्सचा, २००० साली अमेरिकन लीगचा सरासरी ईआरए होता ४.९१! म्हणून ईआरए प्लस बघायचा, ज्यात लीगची सरासरी आणि मैदान दोन्ही हिशोबात धरतात आणि १०० म्हणजे सर्वसाधारण पिचर, जितका जास्त तितका चांगला. हॉफमन १४१, वॅग्नर १८७, रिवेरा २०५. हजारावर इनिंग्स टाकलेल्या सगळ्या पिचर्समधे हा सगळ्यात वरचा आकडा आहे, आणि वॅग्नरच्या एकूण इनिंग्स ९०३, रिवेराच्या १२८३.

आता एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या सरासरीत स्टार्टर्सही आहेत, म्हणजे मॅच सुरू करणारे पिचर, जे सहा-सात इनिंग्स टाकतात आणि त्याच बॅटरला तीन तीन वेळा सामोरे जातात, दमतात. रिलीव्हर, म्हणजे नंतर बदली येणारा पिचर (क्लोजर त्यातलाच), ताजातवाना येतो, एक इनिंग जीव तोडून टाकतो, संपलं. १९९५ मधे रिवेराला दहा मॅचेसमधे स्टार्टर म्हणून उतरवलं होतं आणि त्या सीझनचा त्याचा ईआरए ५.५१ होता, लीगची सरासरी ४.७१. म्हणजे तेव्हा तो सरासरीपेक्षाही मागे होता. त्यामुळे २०५ वाचताना रिलीव्हरला मिळणारी ही सूट लक्षात ठेवायचीच, पण सूट सगळ्या रिलीव्हर्सना मिळते आणि हजारावर इनिंग्स टाकून २०५ त्या एकट्यालाच जमलंय.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढेच आहे. स्ट्राइकआउट्समधे, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटरला आउट करण्यात, तो काही फार वरचढ नाही, नऊ इनिंग्समागे ८.२, वॅग्नरचे ११.९ आहेत. मग फरक पडतो कुठे? वॉक (चार वाइड बॉल टाकले की बॅटरला फुकट बेस) दिले नऊ इनिंग्समागे दोनच, लीगमधे तीनच्या वर जायचे. होमरन (मैदानाबाहेरचा फटका, आपल्या सिक्ससारखा) अख्ख्या करिअरमधे ७१, म्हणजे नऊ इनिंग्समागे अर्धा, लीगमधे एकाच्या वर. बॅटर बॉलला बॅट लावायचे, पण नीट लागायचीच नाही. कारण त्याचा कटर नावाचा बॉल, सरळ येतोय असं वाटता वाटता शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या अंगात शिरायचा आणि बॅटच्या दांड्यावर लागायचा. १९९९ च्या वर्ल्ड सिरीजमधे (दोन लीगच्या विजेत्यांची फायनल) समोरच्या टीमच्या रायन क्लेस्कोच्या एकाच टर्नमधे तीन बॅट्स मोडल्या, तीन! २०१३ मधे रिवेरा रिटायर होणार म्हणून मिनेसोटा ट्विन्सने त्याला भेट काय दिली तर मोडक्या बॅट्सपासून बनवलेली रॉकिंग चेअर.

पोस्टसीझनमधे, म्हणजे सीझननंतरच्या नॉकआउट फेऱ्यांमधे, तर समोर सरासरी टीम नसतेच, सीझनभर जिंकून आलेल्या निवडक टीम्स असतात, म्हणजे आकडे बिघडायला हवेत ना? तिथे त्याने १४१ इनिंग्स टाकल्या, ईआरए ०.७०. आणि त्या सगळ्या इनिंग्समधे त्याला होमरन मारला फक्त दोघांनी, १९९७ मधे सँडी अलोमार ज्युनियरने आणि २००० मधे जे पेटनने.