सड्यावरचा स्वस्त संसार

(रात्र. टॉर्चच्या उजेडात उडणारी पंखवाली वाळवी.)

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, वाळवी पंख घेऊन बाहेर पडते. आणि तिला खायला जे हजर होतात, त्यांनी अख्खा उन्हाळा जवळजवळ उपाशी काढलेला असतो.

(क्लोज-अप : दगडाखालून बाहेर येणारा टोड.)

हा आंबोली टोड, बेडकांच्याच जातकुळीतला. शास्त्राच्या दप्तरी याची नोंद झाली २००९ साली. आंबोलीच्या आसपासचे हे जांभ्याचे सडे सोडले, तर हा जगात कुठे सापडत नाही.

इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. मग हाच कातळ तापतो. अशा जागी बारमाही राहायचं, तर खर्चच कमी हवा.

उष्णरक्ती प्राणी खातो ते मुख्यतः अंग गरम ठेवायला. सस्तन प्राणी किंवा पक्षी पचवलेल्या ऊर्जेतल्या शंभर रुपयांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव शेगडीतच घालतात; नवं मांस, नवी पिल्लं उरलेल्या दोन-तीन रुपयांत. बेडकाकडे शेगडीच नाही. त्याचे निम्मे रुपये शरीर बनतात.

म्हणजे तेवढ्याच किड्यांवर पक्ष्यांपेक्षा कितीतरी जास्त वजनाचे बेडूक पोसता येतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९७५ साली असा हिशेब मांडला गेला. बेडकांचे शेपटीवाले नातलग, सॅलॅमँडर. दिवसा सहसा नजरेला न पडणारे. त्यांचं एकूण वजन ऐन विणीच्या हंगामातल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाच्या दुपटीच्या घरात निघालं. पक्षी मोजायला माणसं पहाटे उठतात. बेडूक मोजायला फारसं कुणी जात नाही, हे आपलं दुर्दैव.

(फांदीवर मलबार चापडा. कॅमेरा स्थिर.)

तोच हिशेब हा चापडा, झाडावरचा विषारी साप, लावतो. रात्रभर एकाच फांदीवर. पोटात एक भक्ष्य गेलं की याला कित्येक आठवडे निघतात. याच आकाराच्या सस्तन शिकाऱ्याला इथे रोज वणवण करावी लागली असती, आणि मग एवढ्याशा ओढ्याकाठी इतके शिकारी मावलेच नसते.

(डबक्यात ओरडणारे नर. गळ्याची पिशवी फुगते.)

पैसा जपून वापरणारा बेडूक उधळतो तो इथे. ओरडणाऱ्या नराचा ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या दहापटीवर जाऊ शकतो. साठवलेली चरबी गळ्यातून जाते.

(पाच सेकंद निवेदन नाही. फक्त आवाज.)

(पाण्यावर झुकलेल्या पानावर फेसाचं घरटं.)

हे मलबारच्या उडत्या बेडकाचं घरटं. मादी स्वतःचा स्राव मागच्या पायांनी घुसळून फेस करते, अंडी त्यात. पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात, शेवाळ खाऊ लागतात, आणि पाण्यातली ऊर्जा चार पायांवर चालत जंगलात येते. चापडा, घुबड, खेकडा, सगळे तिच्यावर.

(कोरडा सडा. मे महिना.)

पाऊस गेला की बेडूक पुन्हा फटीत, दगडाखाली, मातीत. उन्हाळाभर सुप्त राहणाऱ्या बेडकांच्या काही जातींत चयापचय विश्रांतीच्या पाव हिश्श्यापर्यंत उतरलेला मोजला आहे. पण हा दर तापमानाच्या हातात असतो : दहा अंशांनी वाढ झाली की दुपटी-तिपटीचा फरक. दगडाखालचा गारवा म्हणजेच त्यांची शिल्लक.

(चिरेखाण. ट्रक. ओल्या रस्त्यावर चिरडलेला बेडूक.)

कोकणात सडा अजूनही ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो. चिरेखाणी, बागांसाठी सपाटीकरण, पावसाळी वीकेंडची वाहनं. दगड हलला की फट गेली. आंबोली टोड आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. जूनमध्ये रात्री घाट चढणार असाल, तर सड्यावरच्या रस्त्याला गाडी हळू घ्या.