नळ आले की दीपनगरला कोळसा का जळतो?

राम राम मंडळी. आज सकाळी ६ वाजता आमच्या गल्लीत नळ आले, चौथ्या दिवशी, आणि पहिलं काम काय झालं माहितीये का, आज्जीने सांगितलं, "शियं पानी फेकी दे," म्हणजे शिळं पाणी फेकून दे. दोन पिंप अर्धे भरलेले होते, चांगलं झाकलेलं पाणी, गटारीत ओतलं. समोरच्यांनी पण ओतलं. मग सगळ्यांनी नवं भरलं आणि भरून झाल्यावर ज्यांच्या नळाला तोटी नाही त्यांचा नळ व्हॉल्व्हमनने पाणी बंद करेपर्यंत रस्त्यावर वाहत राहिला. खान्देशातल्या कुठल्याही गावात हे दिसेल, जळगाव घ्या, नंदुरबार घ्या.

आता तुम्ही म्हणाल याचा हवामान बदलाशी काय संबंध भो. आहे ना, थेट आहे.

बघा, आमच्या नळाचं पाणी तापीवरून येतं. जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी जिथे घेतात त्या विहिरीतून, पंपाने उचलायचं, फिल्टर प्लांटला न्यायचं, तिथून परत उंच टाकीत चढवायचं, आणि हे सगळं विजेवर. भुसावळला जाताना दीपनगरच्या चिमण्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात, ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत तिथे, कोळशावर चालणारे. आपल्या पंपाला नेमकी तिथलीच वीज येते असं नाही, ती सगळी ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या तारांच्या जाळ्यात, मिसळते, पण देशातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे आणि विजेच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आता हिशोब करू, अकरावीच्या फिजिक्सचा आहे, घाबरू नका. १० लाख लिटर पाणी ५० मीटर उंच चढवायला १३६ युनिट लागतात, आणि पंप मोटर काही शंभर टक्के काम देत नाहीत म्हणून ते २०० च्या घरात जातं. ५० हजार वस्तीचं गाव, माणशी १३५ लिटरचा सरकारी हिशोब, म्हणजे रोजचं साडेसदुसष्ट लाख लिटर पाणी, म्हणजे रोज साधारण १३५० युनिट, म्हणजे वर्षाला साडेतीनशे टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, फक्त पाणी चढवायला! पाइप फुटका असेल तर त्यातून जमिनीत मुरणारं पाणीसुद्धा हीच वीज खाऊन आलेलं असतं. आणि वरून आपण नळाला घरची मोटर लावून ओढतो, म्हणजे वीज परत लागली आणि शेवटच्या घराला थेंबही गेला नाही, हे तर मला अजिबात पटत नाही.

मग पालिकेने काय करायचं? सगळ्यात आधी गळती शोधायची आणि जुने पंप बदलायचे, यात फोटो काढण्यासारखं काही नसतं म्हणून हे मागे पडतं, पण पैसा आणि धूर दोन्ही इथेच वाचतो. मग सोलर. आपल्याकडे ऊन काय कमी आहे का, मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, साक्रीकडे महानिर्मितीचा सोलर प्रकल्प कधीचा उभा आहे. आणि पाण्याची गंमत अशी की ते दिवसा उपसून टाकीत भरून ठेवता येतं, म्हणजे टाकीच तुमची बॅटरी. १ किलोवॅट पॅनल दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, मघाच्या गावाला साडेतीनशे किलोवॅट पुरेल, दीडेक एकर जागा. फिल्टर प्लांटच्या आवारात नाहीतर पालिकेच्या पडीक जागेवर एवढं बसतं.

आणि पाण्याचे मीटर. मीटर म्हटलं की लोक भडकतात, मला माहितीये. पण कराडजवळचं मलकापूर, आपल्या बुलढाण्याकडचं नाही बरं का, त्या छोट्या नगरपंचायतीने मीटर लावले आणि २४ तास पाणी दिलं. २४ तास पाणी असेल तर साठवायचं कशाला आणि फेकायचं कशाला?

तोपर्यंत आपण घरी काय करू शकतो, तर नळाला तोटी बसवा, ती चहा-नाश्त्याच्या खर्चात येते. झाकलेलं पाणी चार दिवसांत शिळं होत नाही. आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करायचंच, डेंग्यूचा डास होऊ नये म्हणून ते गरजेचं आहे, पण आतलं पाणी भांड्याला, संडासात, झाडाला घाला. आज्जीला मी तीन आठवडे हेच सांगतोय. आज ओतलं, पण मागच्या खेपेला एक पिंप तुळशीला आणि फरशीला गेलं होतं.



आता एक काम करा. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. आपापल्या पालिकेला एवढंच विचारा, पाणीपुरवठ्याचं मागच्या १२ महिन्यांचं लाईट बिल किती, किती लिटर उपसलं आणि किती लिटरची पाणीपट्टी आकारली. मी माझा अर्ज सोमवारी टाकलाय. उत्तर आलं की कागद इथेच कॅमेऱ्यासमोर उघडतो, तुमचे पण पाठवा, शेजारी शेजारी ठेवून बघू.