एका नाकपुडीचं पाणी

[दृश्य: सकाळ. म्हापशाच्या बसस्टँडबाहेर, गिऱ्हाईक मागे बसवून नेणाऱ्या मोटरसायकल पायलटांची रांग.]

काळी मोटरसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं. बाहेरगावच्या माणसाला पायलट म्हटलं की विमान आठवतं, आम्हाला ही रांग आठवते. रांगेत तिसरा उभा आहे तो माझा थोरला भाऊ. घरात आम्ही सगळे त्याला भाई म्हणतो. वय बेचाळीस. विडी नाही, दारू नाही, साखर नाही, रक्तदाब नाही. या धडधाकट माणसाला दोन वर्षांपूर्वी, चवथीच्या आदल्या रात्री, मेंदूज्वर झाला.

मेंदूज्वर हा शब्द आपण फार सैल वापरतो. डास चावून होणारा, विषाणूंचा मेंदूज्वर वेगळा. भाईला झाला तो जिवाणूंचा. मेंदूभोवती पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये निवळशंख पाणी खेळत असतं. त्या पाण्यात जंतू शिरले. न्यूमोकोकस हा जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकाघशात मुकाट्याने राहतो, काही करत नाही. मग भाईच्याच मेंदूपर्यंत तो पोचला कसा?

[दृश्य: देवघरावर टांगलेली माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची चौकट. सुपारीचे घड, कांगलां, तोरिंजन.]

त्या संध्याकाळी भाई स्टुलावर उभा राहून माटोळी बांधत होता. मान वर करून. मध्येच म्हणाला, घशात खारट लागतंय. आम्ही कोणी लक्ष दिलं नाही. रात्री जेवला नाही. डोकं ठणकतंय म्हणाला. बाराच्या सुमाराला ताप चढला, उलटी झाली. वहिनीने दिवा लावला तर त्याने डोळ्यांवर हात घेतला. पहाटे चारला त्याने वहिनीला ‘आई’ म्हणून हाक मारली. तेव्हा आम्ही १०८ला फोन लावला आणि त्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं.

मान ताठ झाली की मेंदूज्वर, असं आपण ऐकलेलं असतं. भाईची मान तोपर्यंत वळत होती. नेदरलँड्समध्ये प्रौढांच्या जवळजवळ ७०० आजारपणांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ताप, ताठ मान आणि बिघडलेली शुद्ध ही तिन्ही लक्षणं एकत्र फक्त ४४ टक्क्यांत होती. पण डोकेदुखी धरून चारांपैकी निदान दोन लक्षणं ९५ टक्क्यांत सापडली. म्हणून डोकं ठणकतंय, ताप आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय एवढं दिसलं तरी मान ताठ होण्याची वाट बघत बसायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, पाठीतून पाणी काढावं लागेल. आई तिथेच रडायला लागली. पाठीत सुई टोचली की पाय जातात, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं बोललं जातं. मीही कागदावर सही करायला कचरले. तिथली तरुण डॉक्टर माझ्या शेजारी बसली. माझ्याच पाठीवर बोट ठेवून तिने दाखवलं: मज्जारज्जू इथे, कमरेच्या वरच संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली. तिथे नुसतं पाणी असतं आणि पाण्यात लोंबणारे मज्जातंतू, ते सुईपासून बाजूला सरकतात. मी सही केली.

ते पाणी मी पाहिलं. झऱ्याच्या पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं होतं. नळीत उतरलेलं पाणी पेजेच्या निवळीसारखं गढूळ होतं.

प्रतिजैविकं लगेच सुरू झाली आणि त्यांच्यासोबतच डेक्सामेथासोन. जंतू मरताना मेंदूभोवती जी सूज उसळते, ती हे स्टिरॉइड आवरतं. २००२ साली युरोपातल्या एका चाचणीत या औषधामुळे प्रौढांमधले मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. ते प्रतिजैविकाच्या आधी किंवा बरोबर द्यावं लागतं, उशीर झाला की उपयोग कमी होतो.

[दृश्य: दोरीवर वाळत घातलेले रुमाल.]

चौथ्या दिवशी भाई शुद्धीवर आला. त्याच डॉक्टरने वहिनीला विचारलं, हे कधी डोक्यावर पडले होते का? यांच्या नाकातून पाणी येतं का?

वहिनी म्हणाली, येतं. उजव्या नाकपुडीतून. वाकले की टपकन पडतं, गाडीच्या टाकीवर पडलेलं मी बघितलंय. वर्ष झालं. सर्दीचे रुमाल वाळले की कडक होतात, यांचे मऊच राहतात.

हे वाक्य मी विसरणार नाही. वर्षभर रुमाल धुणाऱ्या बाईने निदान हातात धरलं होतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

त्याआधीच्या पावसाळ्यात भाई पडला होता. हेल्मेट होतं, पण हनुवटीचा पट्टा लावलेला नव्हता, ते आधीच उडालं. कपाळाला टाके पडले. दोन दिवसांनी दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालं, ते मार लागल्याचं समजून सोडून दिलं. प्रत्यक्षात कवटीचा तळ तडकल्याची ती खूण असू शकते. नाकाच्या छपराला चाळणीसारखं पातळ हाड असतं, तिथे भाईला चीर पडली होती. त्या चिरेतून मेंदूभोवतीचं पाणी खाली येत होतं आणि त्याच वाटेने एक दिवस जंतू वर गेले. पाणी गळायला लागल्यावर त्याला धुळीची ॲलर्जी म्हणून गोळ्या मिळाल्या, वर्षभर. डॉक्टरांचं नाव मी घेत नाही. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या माणसाच्या नाकातून पाणी आलं तर धूळच आठवते, मलाही तीच आठवली होती.

शंका आली तर नाकातलं हे पाणी तपासता येतं. बीटा-२ ट्रान्सफेरिन हे प्रथिन मेंदूभोवतीच्या पाण्यात असतं, सर्दीच्या शेंबडात नसतं. भाईच्या पाण्यात ते सापडलं. मग सीटी स्कॅनवर चीर दिसली. कान-नाक-घशाच्या शल्यविशारदांनी नाकातूनच दुर्बीण घालून, मांडीतल्या स्नायूवरच्या पडद्याचा तुकडा काढून तिथे ठिगळ लावलं. कवटी उघडावी लागली नाही. पुढचे काही आठवडे वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. पुतण्या दारामागे लपून बाबांची शिंक बघायचा. न्यूमोकोकसची लसही दिली. लहान मुलांना ती २०१७पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात मिळू लागली. मोठ्यांना, अशी चीर असेल तर, विचारून घ्यावी लागते.

डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. या आजारात कान जाऊ शकतो. मागे बसलेलं गिऱ्हाईक रस्ता सांगतं तेव्हा तो मान उजवीकडे वळवून उजवा कान मागे करतो.

[दृश्य: पुन्हा रांग. दुपार, पाऊस थांबलेला.]

गेल्या महिन्यात रांगेतला एक पोरगा घसरून पडला. आठवड्याने स्टँडवर परत आला. भाईने त्याला बाकावर बसवलं, मान खाली घालायला लावली आणि स्वतः समोर उकिडवा बसून त्याच्या नाकाकडे बघत राहिला. दोन मिनिटं. काही गळलं नाही. ‘घशात खारट लागतं?’ पोरगा नाही म्हणाला. ‘लागलं तर मला फोन कर. रात्री असला तरी.’

मग पर्वरीचं गिऱ्हाईक आलं. भाईने हेल्मेट घातलं, पट्टा ओढून लावला आणि किक मारायला वाकला. टाकीवर थेंब पडला नाही.