जर्मनीत पहिला कागद पत्त्याचा

नमस्कार श्रोतेहो.

परवा साताऱ्याहून एका बाईंचा फोन आला. मुलगी नर्स आहे, जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झाली, व्हिसा आला, तिकीट काढून झालं. बाई म्हणाल्या, “ताई, सेतू कार्यालयातून हिचा रहिवासी दाखला काढून ठेवलाय. तिकडे गेल्यावर पहिल्यांदा तोच मागतात म्हणे. इंग्रजीत करून घेऊ का?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिकडे रहिवासाचा कागद पहिल्यांदा मागतात हे खरंच आहे. फक्त तो साताऱ्याचा नाही, तिकडचा मागतात. आणि तो इथून नेता येत नाही, तिथे जाऊनच काढावा लागतो. आज मी त्याच कागदाबद्दल बोलणार आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून असे फोन मला बरेच येतात. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, मुंबईचं 1968 पासूनचं भगिनी-शहर. मी तिथे सात वर्षं राहिले, म्हणून उदाहरणं तिथली देईन. पण नियम सगळ्या जर्मनीत एकच आहे.

आपल्याकडे रहिवासी दाखला म्हणजे काय, तर तुम्ही अमुक इतकी वर्षं इथे राहताय असं कुणीतरी लिहून देणं. तुमचं मागचं राहणं त्यात सिद्ध होतं. जर्मनीत हे उलट आहे. तुम्ही घरात राहायला गेलात की त्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन सांगायचं, मी आता इथे राहते. याला म्हणतात आनमेल्डुंग. दोन आठवडे विमानातून उतरल्यापासून नव्हे, घरात राहायला गेल्यापासून मोजायचे. जर्मन माणूससुद्धा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत राहायला गेला तरी त्याला हे करावं लागतं. म्हणजे परदेशी म्हणून आपल्यावर कुणी डोळा ठेवलाय असं मनात आणू नका.

नोंद फुकट होते. नोंद झाली की तिथल्या तिथे शिक्क्याचा एक कागद देतात, तोही फुकट. पुढे कुणी पुन्हा पत्त्याचं प्रमाणपत्र मागितलं तर तेवढ्यापुरतं शुल्क भरून काढावं लागतं, ते गावोगाव वेगळं असतं. पहिला कागद जपून ठेवा, त्याची चांगली छायाप्रत मोबाईलमध्ये ठेवा, बरीच कामं तेवढ्यावर होतात.

आता ज्यासाठी मुख्यतः मी आज इथे बसले आहे ते सांगते. ही नोंद करायला पासपोर्ट लागतो, भरलेला अर्ज लागतो, आणि तिसरा एक कागद लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे: व्होनुंगस्गेबरबेश्टेटिगुंग. घाबरू नका, फोडून बघा. व्होनुंग म्हणजे घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे पुष्टी. ज्याने तुम्हाला घर दिलं त्याने सहीनिशी लिहून द्यायचं की ही व्यक्ती अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आली. भाडेकरार दाखवून हे काम भागत नाही. करार वेगळा, हा कागद वेगळा. 1 नोव्हेंबर 2015 पासून लागू झालेल्या कायद्याने तो बंधनकारक केला.

मी जानेवारी 2016 मध्ये गेले, म्हणजे कायदा जेमतेम दोन महिन्यांचा. पुण्यातूनच एक खोली ठरवली होती. फोटो छान, भाडं परवडणारं, ऑफिस जवळ. पोचल्यावर घरमालकाकडे हा कागद मागितला तर ते म्हणाले, राहा हवं तितकं, पण नोंद माझ्या पत्त्यावर नको. का नको, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा भाड्याचं उत्पन्न कुठे दाखवायचं नसेल. मी नवी, भाषा अर्धवट, डिपॉझिट भरून बसलेली. गप्प राहिले. सहा आठवडे तशीच राहिले. तेवढ्यात पगार झाला तो सहाव्या कर-वर्गाने कापून, कारण नोंदच नाही म्हणून माझा कर-क्रमांकही आला नव्हता. सहावा वर्ग म्हणजे सगळ्यात जास्त कपात. ते पैसे पुढे परत मिळाले, पण पहिल्या महिन्यात हातात आलेला आकडा बघून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडले होते, हे मला आजही आठवतं.

तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं की घर देणाऱ्याला हा कागद देणं कायद्याने भाग आहे. नाकारला तर आपण कचेरीला तसं कळवायचं असतं, आणि दंड घरमालकालाही होऊ शकतो. म्हणून मुलांनो, खोली बघताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारा: इथे आनमेल्डुंग होईल का? ई-मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. उत्तर आडवळणाचं आलं तर ती खोली सोडा. पोटभाड्याने राहणार असाल तर मूळ भाडेकरूही हा कागद देऊ शकतो, फक्त त्याने आपल्या मालकाची परवानगी घेतलेली असावी. विद्यार्थी वसतिगृहात हा कागद न मागता मिळतो. सुरुवातीला महिनाभरासाठी फर्निचरवाली खोली घेणार असाल तर तिथेही आधी विचारा, काही जण देतात, काही देत नाहीत.

आणि डिपॉझिटबद्दल. घर न बघता, कुणी “मी सध्या देशाबाहेर आहे, पैसे पाठवा, किल्ल्या कुरियरने पाठवतो” असं म्हणालं तर एक पैसा पाठवू नका. ही फसवणूक आहे आणि आपली मुलं तिला बळी पडतात. कायद्याप्रमाणे डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला असतो.

दुसरी गोष्टही बजावून सांगते. नोंदीसाठी पत्ता विकणारे लोक असतात. राहायचं एकीकडे, नोंद त्यांच्या पत्त्यावर, त्याचे पैसे. हे करू नका. असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि आपली सगळी टपालं अनोळखी माणसाच्या हातात जातात ते वेगळंच.

कचेरीची वेळ आधी घ्यावी लागते. छोट्या गावात दोन दिवसांत मिळते, मोठ्या शहरात आठवडे लागतात. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही भागातल्या कचेरीत गेलं तरी चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. वेळ उशिराची मिळाली तरी आरक्षणाची पावती जपून ठेवा. आपण टाळाटाळ केली नाही हे त्यातून दिसतं. नाहीतर उशिरासाठी 1,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

अर्जात दोन जागी आपल्या माणसांची गाडी अडते. पहिली म्हणजे नाव. जर्मन अर्जात दोनच रकाने, आडनाव आणि पहिलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहायला तिसरा रकाना नाही. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये प्रिया सुनील असं दोन्ही असतं, म्हणून तिकडे प्रिया सुनील हेच तिचं पहिलं नाव धरतात. त्यांच्याशी वाद घालू नका. जे पासपोर्टवर आहे ते, अक्षर न् अक्षर तसंच, सगळीकडे लिहा. बँकेत प्रिया, विम्यात प्रिया सुनील, घराच्या करारात पी. एस., असं केलंत तर पुढे वर्षभर निस्तरत बसाल. माझ्या वेळी कचेरीतल्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून म्हटलं होतं, नीट वाचा. आडनावातलं एक अक्षर गळलं होतं. तिथेच दुरुस्त झालं. कागद हातात घेतल्यावर खुर्चीवरून उठायच्या आधी वाचा.

दुसरा अडसर धर्माच्या रकान्याचा. तो प्रश्न करासाठी असतो. कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट चर्चचे सभासद असाल तर आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के चर्च-कर पगारातून कापला जातो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरियात आठ, बाकी राज्यांत नऊ. वसईची, नगरची आपली ख्रिस्ती मुलं जातात, त्यांना हे आधी माहीत असावं. हिंदू, बौद्ध, मुसलमान मुलांना असा कर नाही.

नोंद झाली, कागद मिळाला, आता घरी परत या आणि आपल्या दाराची घंटी बघा. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. तिकडे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. एका इमारतीत पंधरा बिऱ्हाडं असली तरी पत्ता एकच: रस्ता आणि घर क्रमांक. पोस्टमन पत्र टाकतो ते पेटीवरचं आडनाव वाचून. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत. आणि तुमचा कर-क्रमांक, अकरा आकडी, जन्मभर तोच राहणारा, नोंदीनंतर दोन-तीन आठवड्यांत येतो तो पत्रानेच. फोनवर सांगत नाहीत, ई-मेलने पाठवत नाहीत. नवीन घरमालकिणीने मला पितळी पट्टी करून येईपर्यंत कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने लावायला सांगितलं. बाहेर बर्फ पडत होतं, हातमोजे काढून मी ती पट्टी घासून घासून चिकटवली, एक घंटीशी, एक पेटीवर. आठव्या दिवशी कर-क्रमांक आला. दुसऱ्या कुणाच्या घरात राहत असाल तर पत्त्यात आधी तुमचं नाव, मग ‘केअर ऑफ’ म्हणून त्यांचं आडनाव लिहा.

या एका नोंदीवर पुढचं सगळं उभं राहतं. अनेक बँका खातं उघडताना हाच कागद मागतात. परदेशी नागरिकांच्या कचेरीत राहण्याचा परवाना घ्यायचा, तिथे हाच कागद. तो अर्ज व्हिसाची मुदत संपायच्या आत करायचा असतो, म्हणून घरासाठी एक-एक आठवडा घालवणं महागात पडतं.

आणि हो, नोंदीनंतर आणखी एक पत्र येतं, ज्याने सगळे दचकतात. रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरा म्हणून. घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही, तरी भरायची: एका घरामागे महिन्याला 18 युरो 36 सेंट. ही फसवणूक नाही, नोंदणी कचेरीतूनच त्यांना तुमचं नाव कळतं. चौघं मिळून एका घरात राहत असाल तर घरामागे एकच वर्गणी, जो भरतो त्याचा वर्गणी-क्रमांक बाकीच्यांनी कळवा. आपल्याकडेही पूर्वी रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, आपल्या वडीलधाऱ्या श्रोत्यांना ते आठवत असेल.

जोडप्याने जाणार असाल तर लग्नाचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले सोबत हवेत, जर्मनीत शपथबद्ध असलेल्या भाषांतरकाराकडून केलेल्या भाषांतरासह. एकत्र राहायला गेलेल्या कुटुंबातल्या एकाने सगळ्यांची नोंद केली तरी चालतं, सगळ्यांचे मूळ पासपोर्ट न्या. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर त्याचा मेळ इथूनच घालून निघा. अपॉस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायचा सरकारी शिक्का, करून देतो म्हणणारे एजंट भेटतील. भारत 2005 मध्ये अपॉस्टिलच्या करारात आला, पण भारताच्या बाबतीत जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे त्या दोन देशांमध्ये अपॉस्टिल चालत नाही. गरज वाटली तर तिथली कचेरी भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी करून घेते. एजंटाला पैसे देण्याआधी त्या गावच्या कचेरीला ई-मेल करून विचारा. कचेऱ्या उत्तर देतात.

आईवडील नेहमी विचारतात, आम्ही मुलीकडे दोन-अडीच महिने जाणार, आम्हालाही नोंद करायची का? नाही. एरवी परदेशात राहणाऱ्याने तीन महिन्यांपर्यंत नोंद करायची गरज नाही. निर्धास्त जा.

शेवटी परत येतानाची गोष्ट. जर्मनी सोडताना नोंद रद्द करावी लागते, तिला आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी, किंवा नंतर दोन आठवड्यांच्या आत. त्याचाही कागद मिळतो. मी 2023 मध्ये तो घेतला आणि बॅगेच्या तळाशी टाकून दिला. पुण्यात आल्यावर सहा महिन्यांनी आरोग्य विम्याच्या हप्त्याची मागणी आली. त्या कागदाचा फोटो पाठवला, तीन दिवसांत प्रकरण मिटलं. साताऱ्याच्या बाईंना मी सांगितलं, रहिवासी दाखला घरीच राहू द्या, मुलीला निघताना एक चांगली चिकटपट्टी द्या, आणि आज रात्रीच तिच्या घरमालकाला ई-मेल करायला सांगा. त्यांनी रात्री दहाला निरोप पाठवला: घरमालक हो म्हणाले.

नमस्कार.